विकत घेतलंय ना? मग चालवू द्या!

विंडोज ३.१ च्या काळातला एखादा प्रोग्रॅम आज चालवून बघायचाय? विंडोज ११ वर चालणार नाही. लिनक्सवर चालेल.

नाही, वाक्यं उलटसुलट झालेली नाहीत.

विंडोज ११ निघतं तेच ६४ बिटी, आणि ६४ बिटी विंडोजमध्ये ३.१ च्या काळातल्या १६ बिटी प्रोग्रॅमना मायक्रोसॉफ्टने जागाच ठेवलेली नाही. नव्वदच्या दशकातल्या कित्येक सीडींवर तर प्रोग्रॅम ३२ बिटी असायचा आणि तो बसवणारा इन्स्टॉलर १६ बिटी. प्रोग्रॅम आजही चालला असता. पण बहुतेकदा तो बसतच नाही.

तिकडे लिनक्सवर ‘वाइन’ नावाचं खुलं सॉफ्टवेअर आहे. ते असे जुने प्रोग्रॅम चालवतं. ज्यांनी विंडोज विकलं त्यांनी हात झटकले, आणि ज्यांनी विंडोज विकून एक पैसा मिळवला नाही त्यांनी जबाबदारी उचलली.

पुढचं ऐका. वाइनचाच कोड घेऊन ‘वाइनव्हीडीएम’ तयार झालं. ते ६४ बिटी विंडोजवर टाकलं की विंडोजचे १६ बिटी प्रोग्रॅम विंडोजवर चालायला लागतात. विंडोजचा भूतकाळ विंडोजला परत मिळाला, तो बाहेरच्यांकडून.

एका ऑपरेटिंग सिस्टिमसाठी केलेलं सॉफ्टवेअर दुसरीवर चालवायचं म्हटलं की दोन प्रकारची माणसं भेटतात. एक म्हणतात, शक्यच नाही. दुसरी म्हणतात, बेकायदा असणार. तपासलेलं दोघांनीही नसतं.

शक्य कसं आहे, ते आधी.

विंडोजचा प्रोग्रॅम म्हणजे प्रोसेसरला दिलेल्या सूचना आणि मध्येमध्ये विंडोजकडे केलेल्या मागण्या. ही फाईल उघड. इथे खिडकी काढ. हे अक्षर या फॉन्टमध्ये दाखव. इंटेलच्या प्रोसेसरवर विंडोज असो की लिनक्स, सूचना तो त्याच पाळतो. प्रश्न उरतो मागण्यांचा. त्या ‘कर्नल३२’, ‘यूझर३२’, ‘जीडीआय३२’ अशा ठरलेल्या नावांच्या डीएलएल फायलींकडे जातात. वाइन त्याच नावांच्या, पण स्वतः लिहिलेल्या फायली पुढे करतं. प्रोग्रॅमने मागितलं, काम झालं. कुणी केलं, हे तो विचारत नाही.

सी ड्राइव्ह? लिनक्समध्ये तो नसतोच. वाइन एक साधं फोल्डर उघडतं आणि प्रोग्रॅमला सांगतं, हाच तुझा सी ड्राइव्ह. रजिस्ट्री? साध्या मजकुराच्या दोन-तीन फायली. ज्या रजिस्ट्रीला हात लावायला आपण वर्षानुवर्षं घाबरलो, ती इथे चक्क वाचता येते.

म्हणजे सोपं आहे? अजिबात नाही.

अशा मागण्या हजारोंनी आहेत. काहींची माहिती पुस्तिकेत आहे, काहींची अर्धवट, काहींची नाहीच. त्यात प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तरी सगळं पुस्तिका बघून कुठे लिहिलंय? जे चाललं ते ठेवलं. विंडोजमधल्या चुकांवरही प्रोग्रॅम विसंबून असतात. मग वाइनला त्या चुकाही जशाच्या तशा कराव्या लागतात. सुधारायला गेलं की बिघडतं.

हे दुखणं एकट्या वाइनचं नाही. विंडोज ९५ तयार होत असताना लक्षात आलं की ‘सिमसिटी’ हा गाजलेला खेळ एकदा परत केलेली मेमरी पुन्हा वाचतोय. जुन्या विंडोजवर ते खपून जात होतं. नव्यावर खेळ कोसळला असता. चूक खेळाची, पण सावरून घेतली मायक्रोसॉफ्टने. सिमसिटी चालू आहे का हे ओळखायचं, आणि असेल तर परत आलेली मेमरी लगेच मोकळी करायची नाही, असा कोड खास विंडोजमध्ये घातला गेला.

मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. ग्राहकाने खेळाचे पैसे मोजलेत, नवं विंडोज घेतलं म्हणून त्याचा खेळ बंद पडता कामा नये, इतका सरळ विचार. तो विचार पुढे कुठे गेला?

वाइनकडे परत येऊ. ते १९९३ मध्ये सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांद्र जुलियार त्याची धुरा वाहत आहेत. आवृत्ती १.० आली जून २००८ मध्ये. पंधरा वर्षांनी! या कामात एक प्रोग्रॅम चालता केला की दुसरा बंद पडण्याची भीती असते. म्हणून वाइनवाल्यांनी चाचण्यांचा डोंगर उभा केला, आणि त्या चाचण्या खऱ्या विंडोजवरही चालवतात. विंडोज कसं वागतं, हे पुस्तिकेला विचारायचं नाही. विंडोजलाच विचारायचं.

शिवाय एक कडक नियम. विंडोजचा मूळ कोड ज्याने पाहिलाय, त्याचं योगदान इथे घेत नाहीत. २००४ मध्ये विंडोज २००० च्या कोडचा काही भाग इंटरनेटवर फुटला. वाइनवाल्यांना त्यात हवी ती उत्तरं मिळाली असती. त्यांचा नियम म्हणतो, बघायचंसुद्धा नाही.

आता ‘बेकायदा’वाले.

आपल्या प्रत्येक पेठेत, प्रत्येक नाक्यावर थोड्या पैशांत क्रॅक केलेलं विंडोज टाकून देणारा असतो. त्याला आपण ‘आपला कंप्युटरवाला’ म्हणतो आणि चहा पाजतो. विंडोजची एकही फाईल न उचलता तेच काम करणाऱ्या वाइनबद्दल मात्र आवाज खाली आणून विचारतो, ‘कायद्यात बसतं ना?’

बसतं.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काढून बघा. १९९९ च्या दुरुस्तीने त्यात एक पोटकलम आलं. प्रोग्रॅम ज्याच्याकडे कायदेशीर मार्गाने आलेला आहे, त्याला स्वतंत्रपणे तयार केलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घ्यायला लागणारी माहिती शोधून काढता येते. अट एवढीच की ती माहिती एरवी सहज मिळत नसावी. यात कॉपीराइटचा भंग नाही. पाव शतक उलटलं या पोटकलमाला. संगणकाच्या किती शिक्षकांनी ते वर्गात सांगितलंय?

अमेरिकेत हाच मुद्दा कोर्टात लढावा लागला. कनेक्टिक्स नावाच्या कंपनीने १९९९ मध्ये ‘व्हर्च्युअल गेम स्टेशन’ आणलं. सोनीच्या प्लेस्टेशनचे खेळ त्यामुळे मॅकवर चालायचे. सोनीने खटला भरला. फेब्रुवारी २००० मध्ये अपील न्यायालयाने निकाल कनेक्टिक्सच्या बाजूने दिला. सोनी हरली. मग तिने २००१ मध्ये ते सॉफ्टवेअरच विकत घेतलं आणि बंद करून टाकलं.

‘ब्लीम’ ही तशीच एक चिमुकली कंपनी. सोनीविरुद्ध कोर्टात टिकली, वकिलांच्या खर्चापुढे टिकली नाही.

आणि डिसेंबर २०१८ मध्ये खुद्द सोनीने जुने वीस खेळ भरलेला ‘प्लेस्टेशन क्लासिक’ बाजारात आणला. आत ते खेळ चालवणारा एम्युलेटर कुणाचा? सोनीचा नव्हे. ‘पीसीएसएक्स रीआर्म्ड’, म्हणजे बाहेरच्या हौशी लोकांनी खुल्या कोडमध्ये लिहिलेला.

मायक्रोसॉफ्टचीही तीच तऱ्हा. विंडोज अस्सल आहे की नाही हे तपासणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरमध्ये २००५ साली वाइन ओळखणारी खास तपासणी सापडली. २००३ मध्ये तिने त्याच कनेक्टिक्सकडून ‘व्हर्च्युअल पीसी’ घेतलेलं होतं. २००९ च्या विंडोज ७ वर जुने एक्सपीचे प्रोग्रॅम चालवायची वेळ आली, तेव्हा ‘एक्सपी मोड’ आला तो त्याच्याच जोरावर. २०१६ मध्ये तर तिने लिनक्सचे प्रोग्रॅम विंडोजवर चालवायची सोय आणली. पहिल्या आवृत्तीची रीत काय? लिनक्सच्या मागण्या पकडायच्या आणि विंडोजकडून पुऱ्या करायच्या. वाइनचंच काम, फक्त दिशा उलटी.

ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने डॉटनेटचे प्रोग्रॅम विंडोजबाहेरही चालवणारा आपला ‘मोनो’ हा प्रकल्प वाइनवाल्यांच्या हवाली केला. ज्यांना तपासणीत वेगळं काढलं, त्यांच्याच हाती पोर दिलं.

कोर्टातली आणखी एक लढाई. ऑरेकलने ‘जावा’ या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या अशाच मागण्यांच्या यादीवरून गुगलला २०१० मध्ये कोर्टात ओढलं. गुगलने उचललेल्या सुमारे साडेअकरा हजार ओळी. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी तो वाजवी वापर ठरवला. जवळपास अकरा वर्षं लागली. छोट्या माणसाकडे अकरा वर्षं कुठून येणार?

मग ॲपल. त्यांची रीत निराळी.

ॲपल आपल्या मॅकचा प्रोसेसरच बदलतं. २००६ मध्ये इंटेल आणला आणि जुन्या मॅकचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून ‘रोझेटा’ दिलं. २०११ मध्ये काढून घेतलं. २०२० मध्ये इंटेल सोडून स्वतःची एम१ चिप आणली आणि ‘रोझेटा २’ दिलं. इथे नुसत्या मागण्या पुऱ्या करून भागत नाही, प्रोसेसरची प्रत्येक सूचना बदलून द्यावी लागते. काम अवघड, आणि ॲपलने ते उत्तम केलं. २०२५ च्या जूनमध्ये सांगून टाकलं की मॅकओएस २७ नंतर तेही आवरतं घेणार. काही जुन्या खेळांपुरतं ठेवणार.

मधल्या काळात, २०१९ मध्ये, मॅकवर ३२ बिटी प्रोग्रॅम बंद झाले. ॲपलवाल्यांसाठी लिहिलेले ३२ बिटी मॅक प्रोग्रॅम गेले. पण वाइनवर उभ्या असलेल्या ‘क्रॉसओव्हर’ने त्याच वर्षी वाट काढली. त्यामुळे त्याच मॅकवर ३२ बिटी विंडोजचे प्रोग्रॅम चालत होते आणि ३२ बिटी मॅकचे चालत नव्हते!

२०२३ मध्ये विंडोजचे खेळ मॅकवर कसे चालतील हे खेळ बनवणाऱ्यांना आजमावता यावं म्हणून ॲपलने एक साधन दिलं. त्याच्या तळाशीही क्रॉसओव्हरचाच कोड.

गिरणी बदलली म्हणून घरातले गहू कुणी उकिरड्यावर टाकतं का? सॉफ्टवेअरच्या बाबतीत आपण टाकतो. मुकाट्याने टाकतो आणि नवे पैसे भरतो.

‘पण लायसन्समध्ये तसं लिहिलेलं असतं ना!’ असतं. ते लायसन्स तुमच्याशी बोलून लिहिलं होतं? पैसे भरून झाल्यावर खाली ‘मान्य आहे’चं बटण आलं, ते तुम्ही दाबलं. न दाबून जाणार कुठे होतात?

ज्यांना धंद्यासाठी हे हवंसं झालं, त्यांनी मात्र बघा किती लवकर करून दाखवलं. संगणकावरचे खेळ विकणाऱ्या ‘वाल्व्ह’ने ऑगस्ट २०१८ मध्ये वाइनवर आधारलेलं ‘प्रोटॉन’ आणलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात मावणारं खेळयंत्र विकायला काढलं. त्यात लिनक्स आहे आणि खेळ विंडोजचे. खेळणाऱ्याला सहसा कुठलंही सेटिंग करावं लागत नाही. विंडोजचे खेळ लिनक्सवर चालणारच नाहीत, असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आता काय सांगायचं?

सगळं चालतं का? नाही, आणि चालतं असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फसवणूक पकडण्यासाठी थेट विंडोजच्या गाभ्यात शिरणारे काही ऑनलाइन खेळ चालत नाहीत. खास ड्रायव्हर लागणारी यंत्रं अडतात. आणि डोंगल, म्हणजे संगणकाला खोचायची सॉफ्टवेअरची किल्ली, तोही अडतो. प्रोग्रॅमची समजूत वाइन घालू शकतं, डोंगलची नाही.

डोंगल म्हटलं की मराठी माणसाने कान टवकारायला हवेत. कारण आपली बरीचशी अक्षरसंपत्ती एकेकाळी डोंगलवर टांगलेली होती.

पुणे, कोल्हापूर, नागपूर, कुठल्याही जुन्या डीटीपी सेंटरमध्ये डोकवा. पुढे नवा संगणक, कोपऱ्यात एक पिवळा पडलेला जुना डबा. त्यात विंडोज एक्सपी, ज्याला ८ एप्रिल २०१४ पासून सुरक्षेची डागडुजी मिळत नाही. नेट जोडलेलं नाही. त्यात पानं जुळवायचं पेजमेकर ७. त्याची ही शेवटची आवृत्ती, २००१ ची. मागे प्रिंटरच्या रुंद पोर्टमध्ये मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल खोचलेला. तो उपसला की मराठी बंद. ऑपरेटर कुणाला त्या डब्याला हात लावू देत नाही. त्याचं बरोबर आहे.

कारण आत काय आहे? दिवाळी अंक. कवितासंग्रह. शाळेच्या शताब्दीची स्मरणिका. साखर कारखान्याचे अहवाल. एखाद्या लेखकाचं आयुष्यभराचं लेखन. सगळं युनिकोडच्या, म्हणजे अक्षरांना सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, आधीच्या फॉन्टमध्ये.

तीच फाईल फॉन्टशिवाय दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. पानाची मांडणी कदाचित नीट येईल. कॉलम येतील, चौकटी येतील. मजकुराच्या जागी मात्र डोक्यावर टोप्या घातलेले युरोपी स्वर, पौंडाची चिन्हं आणि अवतरणचिन्हांची रांग. कारण प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरांना आपापले क्रमांक वाटले होते. एकीचा ‘क’ दुसरीच्या घरी भलताच कुणी. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे राष्ट्रीय मानक १९९१ पासून होतं. ज्यांनी फॉन्ट विकले त्यांनी आपली भिंत त्याच्याबाहेर बांधली.

म्हणजे इथे अडचण प्रोग्रॅम चालण्यापुरतीच उरलेली नाही. चाललाच नाही तर आपलंच लेखन आपल्याला वाचता येणार नाही.

सरकारने तरी शहाणपण दाखवलं का? कागदावर, हो. केंद्राचं ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचं धोरण २०१० चं आहे. आणि आयकर विभागाची एक्सेल युटिलिटी उतरवून घ्या: मॅक्रो चालणारं मायक्रोसॉफ्टचं एक्सेल हवं आणि खाली विंडोज हवं. ब्राउझरमधून रिटर्न भरायची सोय आहे, ती चांगली आहे. मग जी युटिलिटी विभाग स्वतः देतो, तिच्यासाठी नागरिकाने एका परदेशी कंपनीची दोन उत्पादनं का बाळगायची?

लाखो मराठी माणसं ‘एमएस-सीआयटी’मध्ये संगणक शिकली, तीही विंडोज आणि ऑफिसवर. केरळच्या सरकारी शाळांतली पोरं लिनक्सवर शिकतात. ती पोरं नोकरीत मागे पडली असं कुणी ऐकलंय?

हे सगळं आत्ताच का काढलं? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षेची सोय लागते, आणि बऱ्याच धडधाकट संगणकांत ती नाही. हे संगणक आता भंगारात निघतील. त्यांच्याबरोबर त्यांच्यातले प्रोग्रॅम जातील, आणि प्रोग्रॅमबरोबर फायली.

भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक संध्याकाळ काढा. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून बघा; हार्ड डिस्कला हात न लावता बघता येतं. पसंत पडलं, तर फायलींची नक्कल बाजूला काढून ते बसवा आणि तुमचं घोडं ज्या एका प्रोग्रॅमवर अडलंय तो वाइनमध्ये घालून बघा. चालला, तर संगणक वाचला. नाही चालला, तर व्हर्च्युअल मशीन आहे: संगणकाच्या आत दुसरा संगणक, त्यात तुमच्या मालकीच्या सीडीवरचं जुनं विंडोज. त्याला लायसन्स लागतं, ते असू द्या. यूएसबीचा डोंगल बहुतेक वेळा त्याच्या आत पोचवता येतो. प्रिंटर पोर्टच्या डोंगलला मात्र नव्या लॅपटॉपवर भोकच नाही.

आणि प्रकाशकहो, संपादकहो, लेखकहो, तुम्हाला खास. पेजमेकरच्या फायली ‘लिबरऑफिस’ हे मोफत सॉफ्टवेअर २०१५ पासून उघडतं, पण फॉन्ट नसेल तर ते बिचारं काय करणार? म्हणून जुन्या डब्यातून फायली काढताना त्यांचे फॉन्टही सोबत घ्या. प्रत्येकीची पीडीएफ काढा. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि एकदा मुद्रितशोधन करा. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. नवं पुस्तक छापायला देताना डीटीपीवाल्याकडून पीडीएफबरोबर युनिकोड मजकूरही मागून घ्या. तो तुमचा आहे, आणि तो मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

कोपऱ्यातल्या त्या डब्याची हार्ड डिस्क वीस वर्षांची आहे. हे काम या आठवड्यात करा.